काचगृहातील साक्ष : जॉन डे याच्या ऑर्किड-चित्रवह्या (१८६३-१८८८)

वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात विद्यापीठे, राजोद्याने व संशोधन-मोहिमा यांना जे स्थान मिळाले, ते खाजगी काचगृहांना सहसा मिळालेले नाही. श्रीमंतांचा छंद म्हणून त्यांची बोळवण केली जाते. इंग्लंडमधील ऑर्किड-संगोपनाचा इतिहास पाहता मात्र हा निर्णय घाईचा ठरतो.

उष्ण कटिबंधातील ऑर्किडे इंग्लंडमध्ये जगविणे प्रारंभी फार कठीण होते. ही झाडे दमट व कोंदट उष्णतेतच वाढतात, अशा समजुतीने ती बंदिस्त उष्णगृहांत ठेवली जात व बहुधा मरत. जोसेफ पॅक्स्टन याने चॅट्सवर्थ येथे खेळती हवा व निरनिराळ्या तपमानांची गृहे यांचा अवलंब करून या समजुतीला छेद दिला. तेथूनच पाठविलेला जॉन गिब्सन हा १८३७ मध्ये खासी टेकड्यांतील ऑर्किडांचा मोठा साठा घेऊन परतला. डेंड्रोबियम गिब्सोनी हे नाव त्याच प्रवासाचे स्मारक होय. पुढे अँडीज पर्वतातील ऑडोंटोग्लॉसम जातींना थंड हवाच मानवते, हेही बागवानांस उमगले. १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाला आणि लोखंडी नळांतून गरम पाणी खेळविण्याची सोय प्रचारात आली. त्यामुळे उमरावांच्या उद्यानांतील हे काचगृह सुखवस्तू व्यापाऱ्यांच्या घरामागील आवारातही उभे राहू लागले.

लंडनच्या उत्तरेस टॉटनहॅम येथे राहणारा जॉन डे (१८२४-१८८८) हा अशा संग्राहकांपैकी एक होय. वनस्पतिशास्त्र हा त्याचा व्यवसाय नव्हता. मात्र जानेवारी १८६३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, फुललेली ऑर्किडे समोर ठेवून तो चित्रे काढीत राहिला. या चित्रवह्यांची संख्या ५३ असून त्यांत २,८०० हून अधिक चित्रे आहेत. स्वतःच्या संग्रहापुरतेच त्याने हे काम मर्यादित ठेवले नाही; क्यू येथील राजोद्यान, व्यापारी रोपवाटिका आणि इतर संग्राहकांची काचगृहे येथेही तो वही घेऊन जाई. चित्राशेजारी झाड कोणाचे, कोठून आले, केव्हा फुलले इत्यादी टिपणे तो लिहून ठेवी.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्येच जाहीर झाली असता कुंचल्याचा आश्रय का घ्यावा लागला, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. तत्कालीन छायाचित्र-काच निळ्या व जांभळ्या प्रकाशास संवेदनशील होती; पिवळा व तांबडा रंग तीवर काळवंडून उमटे. १८७३ मध्ये फोगेल याने रंजकद्रव्यांच्या साह्याने ही संवेदनशीलता वाढविण्याची वाट दाखविली, तरी रंग स्वतः काचेवर उतरत नव्हता. ल्युमिएर बंधूंची रंगीत काच बाजारात आली ती १९०७ मध्ये. ऑर्किडांत जाती-प्रकारांचा निवाडा पुष्कळदा ओष्ठदलावरील ठिपक्यांवर व छटांवर अवलंबून असतो. दाबून वाळविलेल्या नमुन्यात फुलाचा रंग व घडण दोन्ही नष्ट होतात. तेव्हा कुंचला हे त्या काळी केवळ अलंकरणाचे साधन नव्हते; रंगाची नोंद करण्याचे ते एकमेव विश्वसनीय साधन होते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या ऑर्किड समितीनेही १८९७ पासून पारितोषिकप्राप्त फुलांची रंगचित्रे करवून घेण्यास प्रारंभ केला. नव्या फुलाची पूर्वीच्या फुलांशी तुलना करता यावी, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता.

डे याच्या वह्यांचे खरे महत्त्व एका अनपेक्षित घटनेने प्रकट केले. १८६५ मध्ये जॉन लिंडली निवर्तल्यावर ऑर्किडांच्या नामकरणाचा अधिकार व्यवहारतः हँबुर्ग येथील प्राध्यापक राइशेनबाख याच्याकडे गेला. इंग्लंडमधील संग्राहक आपल्या काचगृहांतील नवी फुले त्याच्याकडे पाठवीत व तो त्यांना नावे देई. १८८९ मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याने आपला प्रचंड वनस्पतिसंग्रह व्हिएन्ना येथील संग्रहालयास दिला. मात्र तो पंचवीस वर्षे कोणासही खुला करू नये, अशी अट मृत्युपत्रात घातली. ज्या नमुन्यांवरून नावे दिली गेली, तेच अभ्यासकांच्या दृष्टीआड झाले. त्रोटक वर्णने तेवढी हाती उरली.

अशा स्थितीत १९०२ मध्ये डे याच्या बहिणीने त्या वह्या क्यू येथे दिल्या. राइशेनबाखने ज्यांना नावे दिली अशा अनेक झाडांची, ती जिवंत असताना काढलेली चित्रे त्यांत होती. शास्त्रज्ञाचा संग्रह कुलुपात असताना छांदिष्टाची वही खुली होती, असा हा विलक्षण प्रसंग आहे.

तथापि या साधनाच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. प्रतिस्पर्ध्यांस सुगावा लागू नये म्हणून रोपांचे व्यापारी त्यांचे मूळ स्थान लपवीत किंवा खोटे सांगत. त्यामुळे झाड कोठून आले याविषयीचे डे याचे टिपण प्रामाणिक असूनही चुकीचे असू शकते. त्याने प्रत्यक्ष पाहिलेले आणि त्याला सांगितले गेलेले, यांत अभ्यासकाने भेद केलाच पाहिजे. शिवाय, ज्या बाजारपेठेने ही फुले टॉटनहॅमला आणली, तिनेच दूरची अरण्ये ओरबाडली. ती झाडे तोडून, सोलून आणणाऱ्या स्थानिक मजुरांची नावे या वह्यांतून शोधू जाता निराशाच पदरी पडते.

या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट निश्चित होते. डे याची चित्रे शास्त्रीय पुरावा ठरली, ती केवळ रेखीव होती म्हणून नव्हे; प्रत्येक चित्रास तिथी व धनी यांची जोड होती म्हणून. आज घरगुती हरितगृहातील फुलाचे निर्दोष रंगीत छायाचित्र क्षणार्धात घेता येते. पण शेजारी दोन ओळींचे टिपण नसेल, तर पन्नास वर्षांनी ते चित्र सुंदर उरेल, पुरावा उरणार नाही.