‘चेक’चं कूळ शहाच्या घरी

सोलापुरात ‘चेक’ हा एकच शब्द दिवसभर चार कामांना राबतो. लुंगीवर चेक्स, बँकेत चेक, नाक्यावर चेकिंग, आणि दुकानात ‘चादर उलगडून चेक करून घ्या’. चौकडी, धनादेश, अडवणूक, तपासणी यांचं वरवर काहीच नातं दिसत नाही. मला ते उर्दूत सापडलं: शह.

मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. ज्यांनी सोलापूरच्या किल्ल्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झुंजी केल्या, त्या आदिलशाह आणि निजामशाह यांच्या नावांतला. संस्कृत ‘क्षत्र’ त्याचा दूरचा भाऊबंद. बुद्धिबळात राजावर रोख धरला की ‘शाह!’ म्हणून बजावायचं. उर्दूत आणि मराठीत त्याचा शह झाला. तोच अरबांबरोबर युरोपात गेला आणि लॅटिन-फ्रेंचमधून झिजत इंग्रजीत ‘चेक’ झाला. राजाला शह बसला की तो सोडवल्याशिवाय दुसरी चाल करता येत नाही, म्हणून चेक म्हणजे आधी रोखणं, मग ताब्यात ठेवणं, मग खात्री करणं. पट चौकड्यांचा, म्हणून कापडही चेक्सचं. ताण्यात दोन रंगांचे पट्टे घेऊन बाण्यातही तेच रंग त्याच मापाने भरा. मागावर पटच उमटतो.

खरा वाद बँकेच्या चेकचा. अरबीत ‘सक्क’ म्हणजे पैसे देण्याचा लेखी दस्त, फारसीत ‘चक’. उच्चार इतका जवळचा, की चेक तिथूनच आला असं अनेकजण ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. सक्क फ्रेंचमार्गे इंग्लंडात पोचला असता, तर वाटेत खूण उरली असती. उलट फ्रेंचांनीच हा शब्द इंग्रजांकडून उचलला. शिवाय 18व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत चेक म्हणजे पैसे देण्याचा कागद नव्हेच. लबाडी पकडता यावी म्हणून मागे ठेवायची स्थळप्रत. म्हणजे पुन्हा रोखणंच! पुढे स्पेलिंग बदललं, त्यामागे ‘एक्सचेकर’ची ओढ. 12व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकड्या आखलेलं काळं कापड अंथरून, त्यावर सोंगट्या सरकवत होई, आणि त्या पटावरूनच खजिन्याच्या खात्याला हे नाव पडलं. कापड आणि पैसा एकाच टेबलावर: गिरणगावातल्या माणसाला याहून पटणारा पुरावा कुठला?

एक गाठ मात्र उर्दूनेच मारून ठेवलीय. मराठीत शह देणं म्हणजे कोंडीत पकडणं. उर्दूत ‘किसी की शह पर’ म्हणजे कुणाच्या तरी पाठबळावर, फूस लावल्यामुळे. अगदी उलट! माझ्या मते याचं उत्तर पटावरच आहे. राजाच्या अंगाला भिडून शह देणारं प्यादं टिकतं ते मागच्या मोहऱ्याच्या जोरावर. खेळणारे त्याला ‘जोर’च म्हणतात. मराठीने समोरच्या राजाची अडचण पाहिली, उर्दूने प्याद्यामागचा जोर.