थूप

वर्ध्याला गीताई मंदिराशेजारी पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे. सिंदीहून शाळेची सहल तिथे नेली असता एका मुलीने विचारले, "गुरुजी, हा स्तूप जपानी व्हय का?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. निप्पोन्झान म्योहोजी पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी जपानचेच. १९३३ मध्ये ते वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. पण मुलीचा चेहरा उतरला. तिच्या पणजोबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली होती. ती आपला स्तूप पाहायला आली होती, आणि मास्तराने तो एका शब्दात परक्याच्या हवाली केला!

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी कोश चाळले, आणि लाज वाटली. जपानीत मनोऱ्याला 'तो' म्हणतात, ओकार लांबवून. जुन्या लेखनात तोच शब्द 'ताफु' असा आहे. जपानने तो चीनकडून घेतला. जुन्या चिनी उच्चारात त्याच्या शेवटी 'प' होता. आणि चीनला तो मिळाला पाली-प्राकृतातल्या 'थूप' या शब्दापासून. थूप म्हणजेच आपला स्तूप. इथला मातीचा गोल उंचवटा तिकडे मजल्यांनी वर चढला. होर्यूजीचा पाच मजली मनोरा सातव्या शतकातला आहे. पुढे शब्दाने धर्माचीही अट सोडली. विजेच्या तारा वाहणारा लोखंडी मनोरा, आमच्या शेतांत उभा असतो तसा, जपानीत 'तेत्तो' आहे: लोहस्तूपच म्हणा ना! शहरातल्या उंच इमारती मात्र 'बिरु'. तो इंग्रजी 'बिल्डिंग'चा तुकडा.

वर्ध्यासारख्या स्तूपाला ते 'बुश्शारितो' म्हणतात. बुद्ध, शरीर आणि थूप, तिन्ही इकडचेच. (सुशीच्या भातालाही तिथे 'शारी' म्हणतात, शीते अस्थिकणांसारखी दिसतात म्हणून, असे सांगतात.)

आणि आपण? सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकलला, तेव्हा गावकरी त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. ढिगारा जागेवर होता, नाव गेले होते. मराठीतला 'स्तूप' हा पुस्तकातून परत आलेला शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी हे सारे फळ्यावर लिहिले आणि माझे उत्तर चुकले होते हेही वर्गात सांगितले. मुलगी हसली. मग म्हणाली, "तिकडच्यायनं जपलं, मंग आपुन कायले विसरलो, गुरुजी?"

तास संपायला अजून वीस मिनिटे होती. मी खडू ठेवला आणि खुर्ची ओढून बसलो.