‘एल्डर’ बोटीची उत्तरयात्रा

प्रवासाची योजना आखणे हे वरकरणी केवळ सोयी-गैरसोयींचे काम वाटते. वस्तुतः कोठे जावे, कोठे किती वेळ थांबावे, बरोबर कोणाला घ्यावे, हे ठरविताना आपण काय पाहणार नाही हेही नकळत ठरून जाते. सरकारी दौऱ्यांचा अनुभव असलेल्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. १८९९ साली अलास्काच्या किनाऱ्याने निघालेल्या हॅरिमन यांच्या सफरीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

एडवर्ड हॅरिमन हे ‘युनियन पॅसिफिक’ रेल्वेचे सूत्रधार. अतिश्रमामुळे वैद्यांनी त्यांना विश्रांतीचा सल्ला दिला, तेव्हा कुटुंबासह उत्तरेकडे जाऊन अस्वलाची शिकार करावी असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु आगबोट घ्यावयाचीच तर ती रिकामी का न्यावी? १८९९ च्या वसंतात ते वॉशिंग्टनला सी. हार्ट मेरियम यांच्या कचेरीत पूर्वसूचना न देताच जाऊन धडकले. मेरियम हे शेतकी खात्यातील प्राणिसर्वेक्षण विभागाचे प्रमुख. या अपरिचित गृहस्थाची त्यांनी आधी चौकशी केली, आणि मग विद्वानांची निवड करण्याचे काम अंगावर घेतले. दोन महिने पुरते उरले नव्हते. तरीही जॉन म्यूर, जॉन बरोज, भूगर्भवेत्ते गिल्बर्ट, भूगोलज्ञ गॅनेट, पक्षिचित्रकार फुएर्तेस, तरुण छायाचित्रकार कर्टिस अशी मातब्बर मंडळी जमली. खर्च सारा हॅरिमन यांचा.

‘जॉर्ज डब्ल्यू. एल्डर’ ही जुनी लोखंडी आगबोट या कामी सजविण्यात आली. तिच्यावर ग्रंथालय होते, शिकारीसाठी घोडे होते, भोजनासाठी गुरे, मेंढ्या व कोंबड्या होत्या, आणि दुधासाठी एक गायही होती. खलाशी धरून एकूण १२६ माणसे. प्रवास सुरू होताच समित्या नेमण्यात आल्या: मार्ग ठरविणारी एक, प्राणिशास्त्राची एक, व्याख्यानांची एक, एवढेच नव्हे तर संगीत व करमणुकीचीही एक! प्रवाशांत हॅरिमन यांचा सात वर्षांचा मुलगा अ‍ॅव्हरेल होता. हाच मुलगा पुढे मुत्सद्दी होऊन नोव्हेंबर १९६२ मध्ये, चिनी आक्रमणाच्या ऐन संकटात, अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीस आला होता.

३१ मे १८९९ रोजी सिअ‍ॅटलहून निघालेली बोट ३० जुलैला परत आली. तेवढ्या अवधीत ती सायबेरियाच्या किनाऱ्यालाही टेकून आली. काम भरपूर झाले, यात संशय नाही. प्रिन्स विल्यम साउंडमध्ये नकाशावरची वाट बॅरी हिमनदीच्या बर्फाच्या भिंतीपाशी संपत होती. पुढे जाण्यास स्थानिक वाटाड्या नाखूश होता. हॅरिमन यांनी जबाबदारी स्वतःवर घेऊन बोट बर्फ आणि किनारा यांमधील चिंचोळ्या पाण्यातून पुढे घातली, आणि नकाशात नसलेली एक संपूर्ण खाडी समोर उलगडली. प्रिबिलोफ बेटांवरील सीलांचे कळप मेरियम यांनी १८९१ मध्ये पाहिले होते. आठ वर्षांत ते किती रोडावले, हे त्यांना आता प्रत्यक्ष दिसले. या प्राण्यांची भरसमुद्रातील कत्तल थांबविणारा करार अमेरिका, ब्रिटन, जपान व रशिया यांच्यात १९११ मध्ये झाला. सफरीच्या शास्त्रीय अहवालाचे खंड तर कितीतरी वर्षे निघत राहिले.

तथापि या योजनेत एका गोष्टीस जागा नव्हती. उत्तरेच्या त्या मुलखाला आधीच धनी आहेत, याचा पुरेसा विचार झाला नव्हता. खरे पाहता म्यूर १८७९ मध्ये ग्लेशियर बे येथे प्रथम गेले ते होडीतून, ट्लिंगिट वल्हेकऱ्यांच्या सोबतीने आणि त्यांच्याच माहितीच्या बळावर. त्या उपसागराच्या काठी हुना ट्लिंगिटांची जुनी वस्ती होती. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली म्हणून त्यांना ती सोडावी लागली. बर्फाने झाकलेली ती भूमी त्यांच्या लेखी कधीच बेवारशी नव्हती.

परतीच्या वाटेवर २६ जुलैला बोट केप फॉक्स येथील एका ट्लिंगिट गावापाशी थांबली. घरे उभी होती, दारापुढे उंच कोरीव कुलस्तंभ होते, माणूस मात्र एकही नव्हता. गाव टाकून दिलेले आहे असा निष्कर्ष निघाला. मग कुलस्तंभ उतरवून बोटीवर चढविण्यात आले. मुखवटे, कोरीव खांब, घरातील वस्तू यांचीही तीच गत झाली, आणि पुढे त्या निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरल्या. गावकरी मात्र नाहीसे झाले नव्हते. शाळेच्या ओढीने काही वर्षांपूर्वीच ते सॅक्समन या नव्या गावी राहावयास गेले होते. देवकाची परंपरा ज्या आपल्या घरांत आहे, त्यांना कुळाची खूण अशी उचलून नेली जाण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. त्या बोटीवर अस्वलांचे, पाखरांचे, शेवाळाचे जाणकार होते. पण दाराला कुलूप नसले तरी घराला धनी असू शकतो, हे विचारणारी समिती नव्हती.

या वस्तूंचा परतीचा प्रवास शंभराहून अधिक वर्षांनी घडला. २००१ मध्ये, जुन्या सफरीच्या मार्गानेच निघालेल्या एका अभ्याससफरीच्या वेळी, संग्रहालयांनी ते कुलस्तंभ केप फॉक्सवासीयांच्या वंशजांच्या स्वाधीन केले. हॅरिमन यांची माणसे दुष्ट नव्हती. आपल्या काळातील ती सुजाण, कष्टाळू आणि निसर्गावर प्रेम करणारी होती. म्हणूनच हा प्रसंग अधिक बोचतो. अपरिचित मुलखात योजनेचा कागद घेऊन उतरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो प्रवासी असो वा अधिकारी, पहिला प्रश्न हाच विचारावा की येथे कोण राहते, आणि ते आज दिसत नसल्यास कोठे गेले. उत्तरासाठी एक दिवस अधिक मोडला तरी हरकत नाही. ‘एल्डर’ बोटीने तो दिवस वाचविला, आणि त्याची भरपाई होण्यास एक शतक लागले.