खुर्चीच्या पाठीवरील आकडे

चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांत ज्यांनी नोकरीची काही वर्षे काढली आहेत, त्यांना तेथील जुन्या वेताच्या खुर्चीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. सागवानी सांगाडा, वेताने विणलेली बैठक व पाठ, आणि कर्कटकाच्या दोन टोकांप्रमाणे वर जुळून खाली फाकलेले पाय, अशी तिची ठेवण. पाठीमागे किंवा बाजूच्या पट्टीवर काही इंग्रजी अक्षरे व आकडे रंगविलेले असत. साठ्याची वार्षिक मोजदाद करणाऱ्या कारकुनाखेरीज ते कोणी वाचीत नसे. आज पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील लिलावांत खुर्ची अस्सल की नक्कल याचा निर्णय होताना पहिली दृष्टी वळते ती याच अक्षरांकडे. कारकुनाच्या कुंचल्याला ही प्रतिष्ठा का लाभली, हे समजण्यासाठी या लाकूडसामानाचा इतिहास थोडा मागून पाहिला पाहिजे.

१९४७च्या फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबास राजधानी उरली नाही. नव्या नगराचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजकाकडे व त्याचा सहकारी मॅथ्यू नोविकी याच्याकडे होता. १९५०च्या ऑगस्टमध्ये नोविकी विमान-अपघातात मरण पावला, तेव्हा थापर व वर्मा हे दोन अधिकारी वास्तुकाराच्या शोधात युरोपास गेले. त्यांतून ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य अशी मंडळी या कामावर आली. त्यांच्या हाताखाली तरुण भारतीय वास्तुकारांचा एक चमू उभा राहिला. त्या नामावळीत एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, यूली चौधरी यांच्याबरोबर प्रभावळकर व देठे ही आपल्या कानांस ओळखीची वाटणारी आडनावेही आढळतात. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येई व परत जाई. जानरे मात्र १९६५पर्यंत चंदीगडातच राहिला. पुढे दोन वर्षांनी तो जिनीव्हा येथे वारला आणि त्याच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या.

उच्च न्यायालय १९५५मध्ये सुरू झाले. सचिवालय, विद्यापीठ, महाविद्यालये, ग्रंथालये, वसतिगृहे एकामागून एक उभी राहू लागली. प्रत्येक इमारतीस शेकड्यांनी मेजे, कपाटे, बाके व खुर्च्या हव्या होत्या आणि तिजोरीत पैसा बेताचा होता. म्हणून जानरे व त्याचे सहकारी यांनी असे नमुने काढले की जे साधा सुतार रंधा-करवतीने घडवील व ज्यांस परदेशातून एक खिळाही आणावा लागणार नाही. सागवान, शीशम आणि वेत एवढ्यावर सारा संसार. नकाशे सुतारकामाच्या निरनिराळ्या कारखान्यांस दिले जात व कामे विभागून होत.

ओळख पटविण्याची अडचण येथूनच सुरू होते. तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९६०च्या दशकात प्रचंड अश्वशक्तीच्या मोटारी निघाल्या. १९६४ची पाँटिअॅक जीटीओ ही त्यांतील विख्यात. अशी मोटार तिच्या मूळ रूपात पुन्हा सजवू पाहणाऱ्या हौशी माणसास आसनांचे कापड कोणते, आतील रंग कोणता, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांत इंजिनामागील पत्र्यावर एक लहान धातूची पट्टी असते. तीवर आतील सजावटीचा क्रमांक, बाहेरच्या रंगाचा क्रमांक आणि बांधणीचा सुमारही ठोकलेला असतो. एखाद्या आसनाचे आवरण त्या क्रमांकाशी जुळले नाही, तर ते कितीही जुने असले तरी त्या गाडीचे नव्हे. तेथे कारखानाच साक्ष देतो.

चंदीगडच्या खुर्चीस असा कारखाना नाही. एकाच नमुन्याच्या दोन अस्सल खुर्च्या शेजारी ठेवल्या तर एकीचे हात अंगठाभर जाड निघतील, दुसरीच्या पायांचा कोन किंचित उघडा असेल. सुतार निराळा, लाकूड निराळे, तपासणारा अभियंताही कदाचित निराळा. मापांतील फरकावरून नक्कल पकडू पाहणारा येथे हमखास फसतो. उलट दहाही खुर्च्या एका साच्यातून काढल्यासारख्या तंतोतंत असल्या, तर तेथेच संशय घ्यावा.

वेताचीही साक्ष फारशी उपयोगी नाही. वेत दहा-पंधरा वर्षांत बसतो, तुटतो, नव्याने विणला जातो. त्यामुळे नवी वीण हा दोष मानता येत नाही. पाहावयाची ती वेत ओवण्याची भोके. अनेकदा विणलेल्या खुर्चीत त्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. पायांचे तळ पाहावेत, कारण रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवर वर्षानुवर्षे उभे राहिलेले लाकूड खालून काळवंडते. हातांच्या पुढच्या टोकांवरचे पॉलिश उडालेले, पण आतल्या कोपऱ्यांत थरांवर थर साचलेले, ही झीज माणसाच्या बसण्याउठण्यातून येते. सगळीकडे सारखीच घासलेली खुर्ची कोणी मुद्दाम घासलेली असण्याचा संभव अधिक.

तरीही या सर्व खुणांहून बोलकी खूण म्हणजे तो रंगविलेला क्रमांक. खात्याची आद्याक्षरे, पुढे वस्तूचा अनुक्रम. उच्च न्यायालयाची एच. सी., पंजाब विद्यापीठाची पी. यू., अशी ही अक्षरे असत. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाब व हरियाणा विभक्त झाले, चंदीगड केंद्रशासित झाले, आणि एकाच नगरात तीन शासने नांदू लागली. वस्तू एका खात्यातून दुसऱ्यात गेली की नवी अक्षरे येत, आणि कित्येकदा जुनी पुरती पुसलीही जात नसत. अशी दोन-तीन पदरी अक्षरे ज्या खुर्चीवर आहेत तिचे चरित्र त्या पाठीवरच लिहिलेले असते. अक्षरे बनावट करणे अवघड नाही हे खरे. परंतु त्यांच्या जोडीस डेडस्टॉक रजिस्टरातील नोंद बनावट करणे तितके सोपे नाही. क्रमांक आणि नोंद ही जोडी जुळली, म्हणजे जवळजवळ मोटारीच्या पट्टीइतकाच भक्कम पुरावा झाला.

विनोद असा की ही जोडी आपणच तोडली. 'आपणच' म्हणजे आपल्या व्यवसायातील माणसांनी. वस्तू निरुपयोगी झाली की तिचे निर्लेखन करावे आणि लिलाव करावा, हा नियम प्रत्येक खात्यास लागू आहे. नियम विचारतो ते इतकेच, की वस्तू दुरुस्तीयोग्य आहे काय. रजिस्टरात खरेदीची किंमत लिहावयास रकाना आहे. नमुना कोणी काढला हे लिहावयास नाही. वेत फाटलेल्या खुर्च्या गच्च्यांवर व जिन्यांखाली रचल्या गेल्या आणि ढिगाने विकल्या गेल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून एरिक तुशालोम, फिलिप जूस, पात्रिक सेगँ, फ्रान्स्वा लाफानूर या फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्या विकत घेतल्या. त्यांनी कोणताही कायदा मोडला नाही. सही करणाऱ्या अधिकाऱ्यानेही मोडला नाही. मला यातच अधिक खेद वाटतो; चोरी झाली असती तर निदान फिर्याद तरी करता आली असती.

युरोपात या सामानाचे लाकूड खरवडून पॉलिश केले गेले, वेत नवा बसविला गेला, आणि या स्वच्छतेत काही खुर्च्यांवरील क्रमांकही गेले. त्याऐवजी व्यापाऱ्यांनी आपले क्रमांक दिले. आज लिलावांच्या सूचींत दिसणारे 'पीजे-एसआय-२८-ए' हे असेच एक. पीजे म्हणजे पिएर जानरे, एसआय म्हणजे आसनास असलेल्या फ्रेंच शब्दाची पहिली अक्षरे. चंदीगडच्या कोणत्याही कचेरीत हा क्रमांक कधी लिहिला गेला नव्हता. शिवाय त्यातील 'पीजे' ही दोन अक्षरे बरेच काही झाकतात. यूली चौधरी यांनी जानरेबरोबर लाकूडसामानाचे नमुने काढले होते, इतर भारतीय सहकाऱ्यांचाही त्यात हात होता, आणि सुतारांची नावे तर कोणी टिपलीच नाहीत. बाजाराला एक कर्ता हवा असतो. तो त्याने निवडला.

एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३मध्ये या प्रवासावर एक चित्रपट केला. त्याची गंमत अशी, की तो उलटा चालतो. प्रथम धनिकांची घरे, मग लिलाव, मग दुरुस्तीचे कारखाने, मग जहाज, आणि शेवटी चंदीगडच्या कचेऱ्या. त्याच वर्षी तो चित्रपटही तिने लंडनच्या ख्रिस्टीज येथे लिलावास ठेवला.

फेब्रुवारी २०११मध्ये केंद्रीय गृहखात्याने या वारसा-वस्तूंच्या विक्रीस मनाई केली. त्यानंतर शहरातील सरकारी इमारतींची पाहणी होऊन १२,७९३ वस्तूंची सूची तयार झाली. हे काम उशिरा झाले तरी मोलाचे झाले, कारण एकदा सूचीत आलेली खुर्ची नाहीशी झाली तर ती नाहीशी झाली असे म्हणता तरी येते. परदेशी पोचलेल्या वस्तूंविषयी मात्र कायद्याचा हात आखूडच राहिला. १९७२चा पुरावस्तु व कलानिधी अधिनियम सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूस पुरावस्तू मानतो. त्यातच दुसरी एक वाट आहे: कर्ता हयात नसेल, तर केंद्र शासन अधिसूचना काढून अर्वाचीन कृतीही कलानिधी म्हणून जाहीर करू शकते. राजा रविवर्म्याची चित्रे अशीच देशाबाहेर जाण्यापासून राखली गेली. चंदीगडच्या खुर्चीस वयाच्या आधारे तो मान मिळावयाचा, तर उच्च न्यायालयात १९५५ साली मांडलेल्या सामानासही २०५५पर्यंत थांबावे लागेल.

तोवर जे रजिस्टर कपाटात आहे ते रद्दीत जाऊ नये, एवढे तरी पाहिले पाहिजे. जुनी रजिस्टरे ठराविक मुदतीनंतर नष्ट करावीत, असाही एक नियम आहेच.