तेरचं कापड समुद्रापार

तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. लातूरच्या पलीकडे, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी हे गाव आहे. पण गोरोबाकाकांच्याही साधारण बाराशे वर्षं आधी हे गाव साता समुद्रापार माहीत होतं. तेव्हा त्याचं नाव होतं तगर.

इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात एक माहितीपुस्तक लिहिलं. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. कोणत्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, ते सगळं त्यात आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे मोठं शहर, असं तो सांगतो. पैठणहून रंगीत खडे यायचे. तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल यायची. नीट रस्ते नव्हते, तरी हा माल गाड्यांत भरून भडोचला न्यायचे.

पुढचा प्रवास वाऱ्याच्या भरवशावर. आपण ज्या पावसाची वाट पाहतो, तो आणणारा नैर्ऋत्येचा वाराच त्यांची जहाजं हाकायचा. इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघालेली जहाजं या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागायची. मग हिवाळ्यात वारा फिरला की माल भरून परत. म्हणजे शेतीचं आणि दर्याचं पंचांग एकच होतं.

बदल्यात काय यायचं? दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्या-चांदीची नाणी. आणि राजासाठी गाणारी मुलं व जनानखान्यासाठी देखण्या मुली. बायांनो, त्या यादीत दारू आणि तांब्याशेजारी पोरी लिहिल्यात. व्यापाराचा थाट ऐकताना हेही ध्यानात ठेवू.

इटलीत पाँपेई नावाचं शहर होतं. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडलं गेलं. 1938 साली तिथं उकरताना एक हस्तिदंती बाहुली सापडली. अंगभर दागिने ल्यालेली ही बाई भारतातली. तशाच घडणीच्या बाहुल्या आपल्या तेरला आणि जालन्याच्या भोकरदनला मिळाल्यात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जुन्या तेरच्या वस्तू पाहायला मिळतात. गटाची सहल काढायची तर ही जागा चांगली.

आता आपल्या कामाची गोष्ट. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात एक लेख कोरलाय. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी उषवदातानं विणकरांच्या संघाकडे 2000 कार्षापण ठेवले. व्याज महिन्याला शेकडा 1. म्हणजे वर्षाला 240. त्यातून वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी 12. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्चायचं. दुसऱ्या विणकर संघाकडे 1000 ठेवले, पाऊण टक्क्यानं. गटाचा हिशेब मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगायला नको: लोक एकत्र आले, हिशेब चोख ठेवला, तरच कोणी विश्वासानं पैसा ठेवतो.

पण सूत कोण कातायचं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विधवा, अपंग, घराबाहेर न पडणाऱ्या बायांना सूतकताईचं काम द्यावं, सूत बारीक की जाड ते पाहून मजुरी ठरवावी, असं सांगितलंय. सूत द्यायला आलेल्या बाईच्या तोंडाकडे पाहणाऱ्या किंवा कामाशिवाय इतर गोष्टी बोलणाऱ्या अधिकाऱ्याला दंड. मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून जास्त दंड. म्हणजे हा त्रास तेव्हाही होता, म्हणून तर नियम करावा लागला.

पेरिप्लसमध्ये तगरचं नाव आहे, मलमलीचं आहे, पण एकाही कातणारणीचं नाव नाही. आज आपला कापूस गाठी होऊन जातो, मुदखेडची फुलं पहाटेच बाजाराला निघतात. वेचणारी बाई कुठंच दिसत नाही. म्हणून आम्ही गटागटांत सांगतो: कुणी किती वेचलं, किती शिवलं, मजुरी कधी मिळाली, हे नावानिशी रजिस्टरला लिहा. मालाच्या पाकिटावर गावाबरोबर गटाचंही नाव टाका. माल लांब जाऊ द्या, पण तो कुणी केला हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे.