डाळीतले खडे

शिस्त निराळी आणि जाच निराळा. मुंबईच्या खलाशांनी हा फरक इतिहासात नोंदवून ठेवला आहे.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन-शाळेत खलाशांनी जेवण नाकारले, आणि कामही. निकृष्ट अन्न, तुटपुंजा पगार, गोऱ्यांना वेगळी वागणूक, आणि वर कमांडरच्या शिव्या! पाच दिवसांत संप कराचीपर्यंत गेला. ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात उतरले. २२ तारखेला मुंबईच्या कामगारांनी त्यांच्यासाठी काम बंद ठेवले. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली.

खलाशांच्या मागण्यांत चांगल्या जेवणाशेजारीच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती. डाळीतले खडे ज्याला निमूट गिळावे लागतात, त्याला पारतंत्र्य पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

२३ तारखेला वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून खलाशी शरण आले. कोणावर सूड उगवला जाऊ नये म्हणून काँग्रेस खटपट करील, असे आश्वासन होते. पुढे शेकडो बडतर्फ झाले. स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही.

युनियनच्या कचेरीत बसून मीही कुणाची ‘चहा गार येतो’ ही तक्रार हसण्यावारी नेली आहे. म्हणून आधी स्वतःलाच बजावतो : ताटातली तक्रार ज्याला ऐकू येत नाही, त्याने पुढारीपण करू नये; मग तो गोरा असो की आपला.