सोळाव्या वर्षी थांबलेलं वय

वर्ध्यात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी एखाद्या चाळिशीच्या माणसाची बुद्धिमापन चाचणी होते, तेव्हा कागदावर उतरणाऱ्या आकड्याचं मूळ शाळकरी पोरांमध्ये असतं. पॅरिसमध्ये 1905 साली आल्फ्रेड बिने यांनी चाचणी रचली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी. पुढे 1912 मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे चाचणीतली उत्तरं ज्या वयाला साजेशी असतात त्या वयाला, खऱ्या वयाने भागायचं सुचवलं, आणि बुद्ध्यांक आला.

मोठ्यांपाशी हे गणित अडलं. मानसिक वय 12 निघालेल्या 40 वर्षांच्या शेतमजुराचा बुद्ध्यांक (12 भागिले 40, गुणिले 100) 30 येणार. म्हणजे डवरणी-निंदण करणारा, बाजारहाट सांभाळणारा माणूस पार परावलंबी ठरणार! म्हणून लुईस टर्मन यांनी बिने चाचणीच्या 1916 च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत मोठ्यांसाठी भाजक 16 वरच थांबवला. तोच मजूर 75 वर आला. पण विशीतला आणि साठीतला, दोघांनाही 16 नेच भागायचं. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी 1934 मध्ये मांडलेली बिने-कामत चाचणी याच घराण्यातली. दवाखान्यांत ती अजून वापरात आहे.

यावर खरा तोडगा काढला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या डेव्हिड वेक्स्लर यांनी, 1939 मध्ये. त्यांनी भागाकारच टाकला. माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी, सरासरी 100. शिवाय शब्दांच्या प्रश्नांसोबत हातांचं काम दिलं: लाल-पांढरे ठोकळे जुळवून समोरची नक्षी उठवायची. अक्षरओळख नसली तरी हे जमू शकतं. या कृतिचाचण्यांचं भारतीय रूप प्रभा रामलिंगस्वामी यांनी 1974 मध्ये केलं. माझ्या मते मोठ्यांच्या मापनातली सर्वांत न्याय्य सुधारणा हीच.

मापनाची दुसरी शाखा रोजच्या जगण्याची, आणि ती वर्ध्याच्या शेजारची आहे. अमेरिकेतल्या एडगर डॉल यांची व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मोजपट्टी ए. जे. मालिन यांनी नागपुरात भारतीय जीवनाला जुळवून घेतली. माणूस हाताने जेवतो का, कपडे घालतो का, एकटा गावात फिरतो का, हे त्यात घरच्यांना विचारतात. तिच्यात 89 बाबी आहेत, पण त्या 15 वर्षांपर्यंतच्याच. बैलजोडी हाकणं, मजुरीचा हिशेब, लग्नकार्यातली जबाबदारी तिच्यात मावत नाही. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मात्र बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी याच मोजपट्टीच्या गुणांवर ठरवली होती.

तेव्हा माणसाला तपासणीला नेताना त्याचा चष्मा, श्रवणयंत्र आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या. तो घरी वऱ्हाडी, गोंडी की कोलामी बोलतो, शाळा किती शिकला, दिवसभर कोणकोणती कामं एकट्याने करतो, हे न विचारताही सांगा. आणि तपासणाऱ्यांनी आकड्याशेजारी चाचणीचं नाव, भाषा आणि तुलना कोणत्या वयोगटाशी केली, एवढं लिहायलाच हवं.